मृत्युंजय सरांचा भाऊ

जून लागला की लातूरच्या ट्यूशन एरियात पाय ठेवायला जागा उरत नाही. डोक्यावर गादीची वळकटी घेतलेले बाप, हातात बादली-मग धरलेल्या आया, आणि त्यांच्यामध्ये बावरून चालणारी सोळा-सतरा वर्षांची मुलं. प्रत्येक क्लासचं काही ना काही नावाजलेलं असतं. कुणाच्या सराव परीक्षा, कुणाच्या होस्टेलची शिस्त. गुरुलिंग सरांचा क्लास ओळखला जायचा तो मृत्युंजय सरांच्या पहिल्या लेक्चरसाठी.

मृत्युंजय सर शिकवायचे फिजिक्स. पण पहिल्या दिवशी ते फिजिक्सचा एक शब्द काढायचे नाहीत. पालक आणि मुलं हॉलमध्ये बसली की गुरुलिंग सर माइक हातात घेऊन म्हणायचे, "आता ज्यांचं नावच मृत्युंजय आहे, ते तुमच्याशी बोलतील." मग सर उभे राहायचे आणि त्र्याण्णवच्या भूकंपाची गोष्ट सांगायचे.

त्या वर्षीही सांगितली. दोन हजार सतराचा जून होता. हॉलमध्ये चारशे माणसं होती आणि पंखे गरम वारा फेकत होते.

"मी बारावीला होतो," सर म्हणाले. "लातूरला खोली करून शिकायचो. विसर्जनासाठी गावी गेलो होतो. मिरवणूक आटोपून आम्ही पोरं देवळाच्या ओट्यावरच झोपलो, म्हणून वाचलो. घरात अव्वा होती, अप्पा होते, नऊ वर्षांचा धाकटा भाऊ होता. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. उजाडलं तेव्हा गाव नव्हतं, दगडांचे ढीग होते. माझ्या घरातला मी एकटा वाचलो."

इथे ते दरवर्षी थांबायचे. पुढचं वाक्य त्यांना पाठ होतं. पाच महिन्यांवर बोर्डाची परीक्षा होती, पत्र्याच्या शेडमध्ये अभ्यास केला, शहाऐंशी टक्के मिळवले. तुमच्या आयुष्यात याहून मोठं काय कोसळणार आहे?

पण त्या दिवशी ते वाक्य ओठांवर आलं आणि तिथंच अडकलं. शेवटच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, एक माणूस उजवा पाय वाटेत लांब करून बसला होता. तो पाय गुडघ्यात वाकत नव्हता. डोक्याला टापर बांधलं होतं, अंगात धुऊन धुऊन पिवळट झालेला पांढरा सदरा होता.

तो बसवंत होता. त्यांचा धाकटा भाऊ.

सर पाणी प्याले. बोलणं कसंबसं पुरं केलं. टाळ्या झाल्या, दोन-तीन आयांनी पदराने डोळे पुसले. गुरुलिंग सर कानाशी येऊन म्हणाले, "आज मधला पॉज जबरदस्त घेतलात."

सर गर्दीतून वाट काढत मागे पोचेपर्यंत खुर्ची रिकामी झाली होती. शेजारी एक सावळी, दोन वेण्यांची मुलगी उभी होती.

"तुम्ही बसवंतकाकाला शोधायलाव का, सर?" ती म्हणाली. "मी सृष्टी. आम्ही काकाच्या शेजारीच राहतो. माझ्या पप्पांना पेरणी टाकून येता येईना, म्हणून काकाच मला घेऊन आला. म्हणला, माझा भाऊ हाय तिथं, काळजी करू नको." ती क्षणभर घुटमळली. "सर, काका तुमचाच भाऊ ना?"

सर हो म्हणाले. मुलीने मान हलवली आणि खाली बघितलं. पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं सरांना वाटलं.

बसवंत बसस्टँडवर सापडला. औशाकडच्या फलाटावर बाकड्याच्या टोकाला पाय लांब करून बसला होता. सरांना बघून तो सरकला आणि त्याने बाकडं हाताने झाडलं.

"बस की अण्णा."

सर बसले. चारशे माणसांपुढे बोलणारा माणूस एका माणसापुढे मुका झाला होता.

"चांगलं बोललास," बसवंतच म्हणाला. "पोरी रडायल्या. माझ्या बाजूला एक म्हातारं होतं, ते बी डोळे पुसायलं. मला म्हणलं, बघा, घरात एकटं राहिलं तरी लेकरानं नाव काढलं."

"बसवंता, ते... ते बोलायची एक पद्धत असते. गुरुलिंग सरांनी सांगितलं होतं..."

"हाव."

"घरी चल. तुझ्या वैनीनं स्वयंपाक केला असंल."

"न्हाई, उद्या तहसीलला जायचं हाय. हयातीचा दाखला द्यायचाय. दर साली द्यावा लागतो, त्याबिगर पगार येत न्हाई." निराधार योजनेच्या पैशाला तो पगारच म्हणायचा. मग तो थोडा हसला. "साहेबापुढं उभं राहून सांगायचं, जिवंत हाव म्हणून."

बस लागली. सरांनी तिकिटासाठी खिशात हात घातला. बसवंतने सवलतीचा पास दाखवला, दांडा धरला आणि ताठ पाय आधी आत टाकत एकेक पायरी चढून गेला. खिडकीत बसल्यावर त्याने हात केला, दरवेळी करायचा तसाच. त्या हातात राग असता तर सर रात्री झोपू शकले असते.

खरं काय होतं, ते एवढंच. बसवंत वाचला होता. दुपारी दीड-दोनच्या सुमाराला, पाऊस कोसळत असताना, त्याला दगडांखालून बाहेर काढलं होतं. आई, त्यांची अव्वा, त्याच्यावर पालथी पडली होती, त्यामुळे छाती-डोकं शाबूत राहिलं. पाय मात्र खांबाखाली चिरडला होता. तीन महिने सोलापूरच्या दवाखान्यात गेले, मग आत्याने सांभाळलं. सातवीनंतर शाळा सुटली. पुनर्वसनातल्या नव्या गावात दोन खोल्यांचं घर मिळालं. तिथे तो एकटा राहायचा, गिरणीवर दळण मोजून घ्यायचा. लग्न झालं नाही. छताखाली त्याला झोप यायची नाही. थंडी असो की पाऊस, बाज अंगणातच. फार झालं तर वर ताडपत्री.

पहिल्या वर्षी सरांनी ही सगळी गोष्ट सांगितली होती. तेव्हा कार्यक्रम संपल्यावर एका पालकाने विचारलं होतं, "मग तुमचा भाऊ आता काय करतो?" सरांनी खरं ते सांगितलं आणि हॉलमधली हवा उतरली. गुरुलिंग सरांनी नंतर खांद्यावर हात ठेवून समजावलं, "भावाचं राहू द्या. गोष्ट फाटते त्यानं. लोकांना उमेद पाहिजे." पुढच्या वर्षी भावाचं नाव गळालं. त्याच्या पुढच्या वर्षी 'मी एकटा' आलं. त्याला आता बारा वर्षं होत आली होती. गुरुलिंग सरांवर ढकलता आलं असतं, पण भाऊ काय करतो या प्रश्नाची सरांना स्वतःलाच लाज वाटायची. हे त्यांनी बायकोला, सिंधुलाही कधी सांगितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी सांगितलं. सिंधु भाजी निवडत होती. तिचे हात थांबले.

"तुम्ही त्यांना मेलेलं सांगत होता?"

"होता म्हणत होतो. मेला असं म्हणत नव्हतो."

"मग ऐकणाऱ्याने काय समजायचं?" ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने भाजी पुन्हा पुढे ओढली. "आपल्या लग्नात भाऊजी मांडवाबाहेर बसले होते. मी समजत होते, गर्दीला बुजतात."

पुढच्या रविवारी सर गावाकडे गेले. दिवाळी-पाडव्याला जायचे तसे पेढ्याचा पुडा घेऊन नाही, रिकाम्या हाताने गेले. एकसारख्या घरांच्या ओळी, रुंद रस्ते, आणि चोवीस वर्षांनंतरही लोक त्याला 'नवं गाव'च म्हणत होते. बसवंत अंगणात बाजेचा सुंभ आवळत होता. त्याने भावासाठी पाट टाकला, चहा ठेवला, आणि पुन्हा सुंभाला लागला.

"बसवंता, माझं चुकलं," सर म्हणाले. रस्ताभर घोकलेलं मोठं बोलणं तेवढंच उरलं.

"असू दे."

"असू दे कसं? तू शिव्या दे मला."

"देऊन काय करू?" बसवंतने गाठ ओढली. "तुला काय वाटतंय अण्णा, मला कशाचं वाईट वाटलं?"

सरांना वाटत होतं, त्यांना ठाऊक आहे. चोवीस वर्षं ठाऊक होतं. ते म्हणाले, "त्या दिवशी तू आतून हाका मारत होतास. अण्णा, काढ. अण्णा, काढ. मला एक दगड हलवता आला नाही. नखं निघाली, पण दगड हलला नाही. जिलानीचाचा पहार घेऊन आला नसता तर..." जिलानी हा गावचा लोहार. स्वतःची दोन माणसं मातीखाली असताना त्याने आधी जिथून आवाज येतो तिथे पहार घातली होती. "मी नुसता बसून राहिलो, बसवंता. पावसात. सतरा वर्षांचा घोडा. माझ्यानं काहीच झालं नाही."

बसवंतने सुंभ सोडला. तो भावाकडे असा बघायला लागला, जणू हा कुणा दुसऱ्याच गावाची हकीकत सांगतोय.

"नुसता कुठं बसलास? तू पाढे म्हणत होतास की."

"पाढे?"

"मला झोप येऊ लागली की तू वरून ओरडायचास. बसवंत्या, बेचा म्हण. तीनचा म्हण. मी म्हणायचो. बारापर्यंत म्हणलो. तेराला अडखळलो की तू शिव्या घालायचास, मास्तरावानी. मला वाटायचं, आता तेरा सत्ते आठवलं न्हाई तर हा मारतोय मला." तो हसला. "अव्वा माझ्या अंगावर गार पडत चालली होती अण्णा. मी तिच्याकडं ध्यान दिलं न्हाई. तुझ्याकडं दिलं. दगडाचं काय, दगड कुणाच्यानं हलणार हुते?"

सरांना पाढे आठवत नव्हते. खरोखर आठवत नव्हते. दगड आठवत होता, त्याच्यावरची गेरूची रेघ आठवत होती, पाढे नाहीत.

"मग वाईट कशाचं वाटलं?" त्यांनी विचारलं.

चहा उतू गेला, बसवंतने उठून पातेलं उतरवलं. पाठमोराच म्हणाला, "बाहेर आल्यावर तू बोलायचा बंद झालास. दवाखान्यात आलास, पायाकडं बघायचास, जायचास. मग सणाला यायचास, पायाकडं बघायचास, जायचास. हॉलमधी तू म्हणलास ना, भाऊ होता. मी मनाशी म्हणलं, अण्णा बरोबर बोलायलाय. दगडाखाली हुतो तवर हुतो त्याला भाऊ."

सर संध्याकाळच्या बसपर्यंत तिथे बसले. बाजेची एक बाजू त्यांनी धरली, बसवंतने आवळली. निघताना, "पुढच्या रविवारी येतो," म्हणाले. "ये की," बसवंत म्हणाला. येईल असं त्याला वाटत नव्हतं, हे दिसत होतं.

जुलैत रिपीटरची बॅच सुरू झाली. पहिल्या प्रयत्नात मेडिकलला नंबर न लागलेली, वर्षभर पुन्हा तेच पुस्तक उघडायला आलेली मुलं. पुन्हा हॉल भरला, पुन्हा गुरुलिंग सर म्हणाले, "ज्यांचं नावच मृत्युंजय आहे." सर उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं की आजवर ते खोटं सांगत होते.

त्यांना वाटलं होतं, खरं बोललं की आतून बळ येईल. तसं झालं नाही. बोलणं विस्कटत गेलं. ते मधूनच सोलापूरच्या दवाखान्यात शिरले, तिथून आत्याच्या घरी. आपल्याला शहाऐंशी टक्के पडले ते हिमतीने नव्हे, भावाकडे बघायला लागू नये म्हणून पुस्तकात तोंड घातलं होतं, असंही बोलून गेले. पालक एकमेकांकडे बघू लागले. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थाने मोबाइल काढला. "सगळं कोसळलं तर माणूस उठतोच असं नाही," सर म्हणाले. "काही उठत नाहीत. त्यात त्यांचा दोष नसतो." आणि पुढे काय बोलायचं ते त्यांना सुचेना. मुलं उत्तराची वाट बघत होती.

गुरुलिंग सरांनी हलकेच माइक काढून घेतला. "सर आज भावुक झालेत," ते म्हणाले, आणि फीच्या हप्त्यांकडे वळले.

ओरडले नाहीत ते. ऑफिसात पंखा मोठा केला, पाणी दिलं. "मृत्युंजय सर, लेकरं पडून आलीत. त्यांना सांगता, काही उठत नाहीत? कसं जमायचं?" त्यांचंही अगदी चूक नव्हतं. पुढच्या वर्षीपासून पहिल्या लेक्चरला पुण्याहून एक वक्ता यायचा, कोट घालून, पडद्यावर चित्रं दाखवत. सरांकडे फक्त फिजिक्स राहिलं.

सृष्टी मात्र त्यांच्याच बारावीच्या वर्गात होती. मेहनती, पण गणिताचा पाया कच्चा. दर शनिवारच्या टेस्टची यादी भिंतीवर लागायची आणि तिचं नाव शोधायला खालून सुरुवात करावी लागायची. सर तिला क्लास सुटल्यावर थांबवून घेत. जुनी सवय अशी, की मूल रडवेलं झालं की 'हिंमत ठेव' म्हणायचं. आता तो शब्द तोंडातून निघायचा नाही. ते तिच्या शेजारच्या बाकावर बसायचे आणि म्हणायचे, "हे गणित कुठपर्यंत कळलं ते सांग." तिथून पुढे एक पायरी. कधी तासाभरात तीच एक पायरी व्हायची.

एकदा ती पेन ठेवून म्हणाली, "सर, माझं न्हाई होणार ना?"

सरांनी खोटं बोलायचं टाळलं आणि खरंही बोलवेना. "मला माहीत नाही, बेटा. उद्या पाच वाजता मी इथं आहे, एवढं माहीत आहे."

दोन वर्षं ती पाच वाजता येत राहिली. नंबर लागला नाही. पहिल्यांदाही नाही, दुसऱ्यांदाही नाही. अहमदपूरला बी.एस्सी.ला गेली. जाताना पाया पडली, तेव्हा सर म्हणाले, "मला काही करता आलं नाही तुझ्यासाठी." ती म्हणाली, "असं कसं सर? मला किरणांची आकृती येती की आता, न बघता." आणि दोघंही हसले, कारण त्याचा आता कुणालाच काही उपयोग नव्हता.

रविवार मात्र सुटले नाहीत. सगळे जमले असं नाही, सराव परीक्षांच्या दिवसांत दोन-दोन आठवडे खाडा पडायचा. तेव्हा सर संध्याकाळी फोन लावायचे. "जेवलास का?" "जेवलो." "पाऊस?" "न्हाई." आणि मग नुसता वाऱ्याचा आवाज. सुरुवातीला ही शांतता सरांना खायला उठायची, काहीतरी शिकवायला जीभ शिवशिवायची. हळूहळू ती सवयीची झाली. बसवंत मधेच काहीतरी सांगायचा. गिरणीचा पट्टा तुटल्याचं, कुणाच्या म्हशीला रेडकू झाल्याचं. सर ऐकायचे.

सिंधुने दिवाळीला त्याला लातूरला आणलं. दोन दिवस राहिला. गच्चीवर बाज टाकून दिली, तरी तिसऱ्या दिवशी पहाटे पिशवी भरून बसला. "वैनी, राग मानू नका. खाली तीन मजले हायत, ध्यानात येतंय," म्हणाला. सिंधुने डबा बांधून दिला.

त्याच हिवाळ्यात सर त्याला नांदेडला हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. कुणीतरी सांगितलं होतं, तिथं जुने पाय सरळ करतात. डॉक्टर भला होता. फोटो दिव्यासमोर धरून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "लहानपणी आणलं असतं तर गुडघा वाकवता आला असता. आता हात न लावणंच बरं. कुणी आणलं नाही का तेव्हा?"

सरांनी मान खाली घातली. तेव्हा ते इंजिनीअरिंगला होते. सणाला जायचे.

"तवा कुणाला ठाऊक हुतं साहेब," बसवंत म्हणाला. "आम्ही लेकरंच हुतो."

बाहेर आल्यावर त्यांनी एका हॉटेलात पुरीभाजी खाल्ली. बसला दीड तास होता. बसवंतने आयुष्यात गोदावरी पाहिली नव्हती, म्हणून रिक्षाने घाटावर गेले. पायऱ्या उतरता येत नव्हत्या, तेव्हा वरच्याच पायरीवर बसले. पाणी संथ होतं, मधोमध एक होडी उभी होती. पलीकडे कुणीतरी कपडे धूत होतं आणि धोपटण्याचा आवाज उशिराने इकडे पोचत होता.

"हात आधी दिसतोय, आवाज मागनं येतोय," बसवंत म्हणाला. "असं का?"

सरांनी सांगितलं. उजेड वेगाने येतो, आवाज हळू. किती हळू, तेही सांगितलं. बसवंत मन लावून ऐकत होता. मग त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली, हात खाली आला की एक, दोन, आणि आवाज. पुन्हा हात, पुन्हा मोजणं.

सरांनी घड्याळ बघितलं. लातूरला सात वाजता मुलं शंका घेऊन बसणार होती. "निघायचं का?" त्यांनी विचारलं.

"थांब की जरा," बसवंत बोटं न हलवता म्हणाला. "बोलू नको. मोजायचं चुकतंय."

सर गप्प बसले. बस तेवढ्यात निघून गेली असेल. पुढची साडेपाचला होती.